अळणी भाजी आणि माझा घसा

गोष्टीत लिहिलेलं नसतं तेही मुलांना कळावं, यासाठी मी इतकी वर्षं काय केलं? ते आधी स्वतः ओळखलं, आवाजात कालवलं आणि त्यांना घास भरवला. मुलं म्हणायची, कळलं बाई. मलाही वाटायचं, कळलं.

मुलुंडच्या मराठी शाळेत सहावी-सातवीला भाषा शिकवणाऱ्या बाईचं वाचन चांगलं असेल, तर तिचा भाव जरा वधारलेला असतो. माझं वाचन चांगलं होतं, आणि हे सांगताना मी विनय वगैरे दाखवणार नाही. शंकर पाटील, मिरासदार, माडगूळकर यांच्या कथाकथनाला वडिलांचं बोट धरून जाणाऱ्या पिढीतली मी. कुठे थांबलं की सभागृह हसतं, कुठे आवाज सोडला की बायका पदर डोळ्यांना लावतात, हे मी कानांनी शिकले. तपासणीला कुणी साहेब आले की त्यांना हटकून माझ्या वर्गावर आणलं जायचं. मीही त्या दिवशी हटकून रडवणारा धडा काढायची.

मग घसा बसला आणि बसलाच. लाल बहादूर शास्त्री मार्गावर मेट्रोचं काम, डोक्यावर करकरणारे पंखे, मधल्या पार्टिशनपलीकडे पाढे म्हणणारा वर्ग. या सगळ्यावर मात करून बोलायचं म्हणजे कधी ना कधी हे व्हायचंच होतं. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं, स्वरतंतूंवर गाठी आहेत म्हणाले, आणि मौन सांगितलं. कुजबुजायचंही नाही, त्यानेही ताण पडतो. वर्गाला दुसरं कुणी मिळेना. तेव्हा मी खडू घेऊन उभी राहिले आणि धड्यांच्या झेरॉक्स वाटल्या. म्हटलं, वाचा मनातल्या मनात.

पहिली गोष्ट काढली ती 'श्यामची आई'मधली 'अळणी भाजी'. माझी हुकमी गोष्ट. आई भाजीत मीठ घालायला विसरते, वडील मिठाबद्दल चकार शब्द न काढता जेवून उठतात, आणि आईला ते कळतं ती स्वतः पानावर बसते तेव्हा. तिला फार लागून राहतं. एवढंच. साने गुरुजी अमळनेरला शिक्षक होते; नाशिकच्या तुरुंगात १९३३च्या फेब्रुवारीत त्यांनी हे पुस्तक चार-पाच दिवसांत लिहून काढलं, आणि बेचाळीस रात्रींपैकी बहुतेक रात्री सरताना श्यामच्या तोंडून ते आपल्याला काय ते समजावून सांगतातच. शिक्षकाला राहवत नाही, हे मी समजू शकते. पण झेरॉक्स काढताना मी तो समजावणीचा भाग कागदाने झाकला. आईला वाईट वाटतं, तिथे पान संपलं.

फळ्यावर लिहिलं: वडील का बोलले नाहीत?

एरवी मी वाचताना हा प्रश्न विचारायची वेळच यायची नाही. वडिलांनी पहिला घास घेतला की मी किंचित थांबायची आणि पुढचं वाक्य जरा जास्तच सहज म्हणायची. त्या 'जरा जास्त'मध्ये सगळं असायचं. आता कागदावर तो थांबा नव्हता. खिडकीकडच्या एका मुलाने हात वर केला. "बाई, त्यांना बीपी असेल. आमच्या आजोबांना अळणीच देतात. त्यांना बरंच वाटलं असेल."

बोलता येत असतं तर मी म्हणाले असते, अरे, त्या काळी कसलं बीपी, बस खाली. वर्ग हसला असता, मी वडिलांच्या मोठ्या मनाबद्दल दोन वाक्यं बोलले असते आणि तास पुढे गेला असता. तोंड बंद असल्यामुळे मी नुसती उभी राहिले. वर्गाने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. मीही कसनुसा चेहरा करून पाहत राहिले. शेवटी तिसऱ्या बाकावरची एक मुलगी, जी माझ्या रडवणाऱ्या तासांनाही कोरड्या डोळ्यांनी बसायची, उठून त्याला म्हणाली, "बीपी असता तर आईला माहीत असतं ना? मग तिने मुद्दामच मीठ घातलं नसतं. ती विसरली कशी म्हणणार? आणि तिला वाईट कशाला वाटेल?"

मुलगा पुन्हा कागदात बघायला लागला. कुणीही न सांगता. बोट ठेवून, ओळ न् ओळ.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण आधी जे झालं त्याला मत्सर म्हणतात. ही पोरगी माझ्या थांब्याशिवाय तिथे पोचली होती.

पुढची अडचण मात्र तिलाही सुटली नाही, आणि खरं सांगायचं तर तीच मला आजवर छळते आहे. एकाने विचारलं, आईने भाजी चाखली कशी नाही? त्याची आई कढईतला रस्सा तळहातावर घेऊन चाखते. सगळ्यांच्याच आया चाखतात. मी फळ्यावर लिहिलं: नैवेद्य. दोघा-तिघांचे चेहरे उजळले, बाकीच्यांना काही बोध झाला नाही. मग लिहिलं: आई जेवायला कधी बसली? "सगळ्यांबरोबर," वर्ग म्हणाला. आधी पुरुषांची आणि मुलांची पानं, बाईचं सगळ्यात शेवटी, हे त्या पानावर कुठेही समजावलेलं नाही, कारण गुरुजींच्या वाचकाला ते सांगायची गरज नव्हती. माझ्या वर्गातल्या घरांत बाबा रात्री दहाच्या लोकलने येतात, मुलगा क्लासहून साडेआठला, आई कामावरून मध्येच केव्हातरी. जो तो आपापलं गरम करून घेतो. पंगत त्यांनी लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा पाहिलेली नाही, तिथे बुफे असतो. मग आईला शेवटपर्यंत कळलं कसं नाही, ही गाठ ती पोरं कोणत्या अक्कलहुशारीने सोडवणार? तर्काला धरायला खुंटीच नाही.

१९८८ साली अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली या दोघींनी एक प्रयोग केला होता. बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन मुलांना वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉलचा नाद असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळाचा गंध नसलेल्या मुलांच्या पुढे गेली. बी.एड.च्या पुस्तकांत हा प्रयोग मला कुणी शिकवला नाही, पण गल्लीत क्रिकेट खेळणारा माझा प्रत्येक 'ढ' विद्यार्थी वर्तमानपत्राचं शेवटचं पान वाचताना तो माझ्यापुढे करून दाखवतो. कर्णधाराने अमक्याच्या हाती चेंडू का दिला, हे बातमीत लिहिलेलं नसतं. त्याला ते दिसतं. तोच मुलगा 'अळणी भाजी'पाशी येऊन ठप्प होतो.

तेव्हा आधी नैवेद्य शिकवायचा की तर्क? आधी सगळं सांगून टाकलं, तर गोष्टीत ओळखायला उरतं काय? आणि न सांगावं, तर बीपीचे आजोबा हजर होतात. मी रात्री याच्यावर विचार करते, मिस्टर म्हणतात झोप. कधी वाटतं, त्या तिसऱ्या बाकावरच्या मुलीला तरी नैवेद्य कुठे माहीत होता. तिने दोन वाक्यं एकमेकांशेजारी ठेवली आणि ती जुळत नाहीत हे पाहिलं. कधी वाटतं, ती एकटीच होती.

मौनात मी एक पुठ्ठा केला होता. त्यावर मोठ्या अक्षरात 'कशावरून?' प्रत्येक उत्तराला तो वर करायची. पहिल्या दिवशी गंमत झाली: पुठ्ठा दिसला की मूल उत्तर बदलायचं. खोडरबर बाहेर. आपल्याकडे 'कशावरून' फक्त चुकलेल्यालाच विचारतात, हे पोरांनी पहिलीपासून ताडलेलं असतं. बरोबर उत्तरालाही तो वर होतो, हे पाहिल्यावर हुशार मुलंच जास्त बिथरली. एकीने मधल्या सुट्टीत येऊन विचारलं, "बाई, माझं बरोबर होतं ना, मग कशाला दाखवलात?" ही मुलं माझी भुवई वाचतात, पेनाचं टोपण मी कधी लावते ते वाचतात. लोकलमध्ये घाटकोपर यायच्या आधी कोणती बाई उठणार, हे माझ्या वर्गातल्या मुली डब्यात चढल्या चढल्या सांगतात. तिने ओढणी सारखी केली, पर्स पुढे घेतली, म्हणजे ती मेट्रोवाली. २०१४ला तिथे मेट्रो आल्यापासून हा तर्क रोजच्या रोज पडताळून मिळतो. पुस्तक उघडलं की मात्र या सगळ्यांना वाटतं, इथे असं काही करायला परवानगी नाही.

परवानगी कुणी काढून घेतली, याबद्दल माझी मतं आहेत. शिष्यवृत्तीच्या क्लासमध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात: प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोध, त्याच्या आसपासच्या ओळीशी जुळणारा पर्याय निवड. या पद्धतीने उतारा न वाचता मार्क मिळतात, आणि पालक पैसे त्याचेच देतात. दुसरे ते सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये बाहुल्या घेऊन गोष्टी सांगणारे. रविवारी दोन तास, फी माझ्या पहिल्या पगारापेक्षा जास्त. दुःख असलं की तोंड वाकडं, पाठीमागे बासरी. मुलाने ओळखायचं काय शिल्लक ठेवता, असं मी एकीला म्हणाले. ती म्हणाली, "पण मॅम, तुम्हीही तर तेच करायचात, मी तुमची विद्यार्थिनी." म्हणाली ते कौतुकाने. आणि मी कौतुकासारखंच घेतलं. माझ्या वाचनाला बासरी लागत नव्हती, एवढा फरक मी अजूनही धरून आहे.

तात्पर्याचं खूळ तर क्लासच्याही आधीचं. बापू छत्र्यांची 'इसापनीतिकथा' १८२८ची. तेव्हापासून मराठी मुलाने गोष्ट वाचली की शेवटी काय करावे आणि काय करू नये, हे त्याला कुणीतरी सांगतंच. कोणतीही गोष्ट द्या, मध्यवर्ती कल्पना म्हणून 'आईवडिलांचा आदर करावा' हे येतं. कोल्हा असला तरी येतं. म्हणून मी फळ्यावर नियम लिहिला: ज्याच्या शेवटी 'करावे', 'बोलावे', 'वागावे' असेल ते उत्तर धरणार नाही. वर्ग हवालदिल. दोन दिवस कोऱ्या वह्या. मग त्या बीपीवाल्या मुलाने 'अळणी भाजी'खाली लिहून आणलं: घरात कोण कधी गप्प बसतं. खाली आणखी एक ओळ होती, आमच्याकडे बाबा बोलतात आणि आई गप्प बसते.

शेजारच्या वर्गाच्या बाई म्हणाल्या, हे परीक्षेत चालणार नाही, पेपर तपासणारा शून्य देईल. त्यांचं खरं आहे. मी पाचपैकी चार दिले. एक का कापला, हे मला धड सांगता येणार नाही, बहुधा शुद्धलेखनाचा.

आवाज आता परत आलाय, थोडा फाटका. डॉक्टरांनी दिवसाला मोजकाच वापरायला सांगितलाय. गोष्टी मुलं मनातच वाचतात, पुठ्ठा टेबलावर असतो. फक्त शनिवारचा शेवटचा तास मी स्वतःसाठी ठेवलाय. मिरासदारांची एखादी गोष्ट काढते, दार लावून घेते आणि सगळे थांबे घेऊन, सगळे आवाज काढून वाचते. पोरं बाक बडवून हसतात. त्या तासाला कुणी 'कशावरून' म्हणालंच, तर मला ऐकू येत नाही.