पुरानंतरचे कपाट

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच प्रलयात उल्हास नदीचे पाणी शहाडमधील एका तळमजल्यावरील घरात शिरले आणि कपाटाचे खालचे तीन खण भिजले. कृत्रिम रेशमाच्या कारखान्यात तीन पाळ्यांत काम करणाऱ्या एका वाचकाने वीस-बावीस वर्षांत जमवलेल्या अद्भुतरम्य आणि विज्ञान कादंबऱ्या या खणांत होत्या. पुढील दोन वर्षांत त्याने त्यांपैकी चारच पुस्तके पुन्हा मिळवली. वाचकाच्या अभिरुचीची चर्चा मराठी समीक्षेत पुष्कळ झाली आहे. परंतु पगारातून पैसे काढून एखादे पुस्तक दुसऱ्यांदा विकत घेणे हीदेखील समीक्षाच होय, आणि तिची दखल सहसा घेतली जात नाही.

पहिले पुस्तक नाथमाधवांचे ‘वीरधवल’ (१९१३). अद्भुताचे मराठीतील समर्थन जुनेच आहे. ‘मंजुघोषा’ (१८६८) या कादंबरीच्या प्रस्तावनेत रिसबुडांनी, आपल्या लोकांच्या नीरस आयुष्यात रंजक असे काही नसल्याने लेखकाला चमत्कारिक गोष्टींकडे वळावे लागते, अशा आशयाची कैफियत मांडली होती. शहाडच्या वाचकाला ही कैफियत मान्य नाही. लाकडाचा लगदा क्षारात भिजवावा, रसायनाने त्याचा मधासारखा द्रव करावा आणि सूक्ष्म छिद्रांतून आम्लात सोडताच त्याचा चकाकता धागा व्हावा, हे ज्याने रात्रपाळीत रोज पाहिले, त्याला वास्तव नीरस कसे वाटावे? त्याला नाथमाधव जवळचे वाटतात ते वेगळ्या कारणाने. सिंहगडाच्या कड्यावरून कोसळून कमरेखाली लुळ्या पडलेल्या माणसाने घोडेस्वारांच्या आणि गुप्त वाटांच्या कथा रचल्या, ही गोष्ट त्याला कादंबरीपासून वेगळी काढता येत नाही. अद्भुत म्हणजे पलायन, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी पळू न शकणाऱ्याचा विचार केलेला नसतो, असे त्याचे म्हणणे.

दुसरे पुस्तक वेल्सचे ‘द टाइम मशीन’ (१८९५). तोदोरोव्ह यांनी १९७० साली अद्भुताचे मर्म वाचकाच्या दोलायमानतेत शोधले. सुविन यांनी १९७९ साली विज्ञानसाहित्याची व्याख्या ज्ञानात्मक अपरिचितीकरणाच्या आधारे केली. या दोन्ही मांडण्यांत ‘वाचक’ हा एक अमूर्त घटक आहे. तो कोणत्या पाळीत काम करतो, हा प्रश्न त्यांत उद्भवत नाही. वेल्सच्या कादंबरीत भूपृष्ठावर सुकुमार एलॉय राहतात आणि भूगर्भात यंत्रे चालवणारे मॉरलॉक. काळप्रवासी मॉरलॉकांना घाबरतो, त्यांच्यावर लोखंडी दांडा चालवतो. परंतु भूगर्भात एकदा हाक मारण्यापलीकडे त्यांच्याशी बोलण्याचा प्रयत्न तो करीत नाही. शहाडच्या वाचकाने पहिल्या वाचनातच हे हेरले. एलॉयच्या अंगावरील कपडे कोण तयार करते, हा त्याचा पहिला प्रश्न होता. मॉरलॉक नरभक्षक आहेत हे तो नाकारत नाही. मात्र त्यांची बाजू कथेत कोणी मांडत नाही, ही उणीव तो लेखकाची नव्हे, निवेदकाची मानतो. काळप्रवासी हा विश्वासार्ह निवेदक नव्हे, हा निष्कर्ष त्याने परिभाषेविनाच काढला.

तिसरे पुस्तक व्हेर्नचे ‘द मिस्टीरियस आयलंड’. समुद्राच्या तळाशी वावरणारा कॅप्टन निमो हा मूळचा बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार आणि १८५७ च्या उठावातील बंडखोर, हा उलगडा या उत्तरकथेत होतो. पाणबुडीची गोष्ट शाळेत असताना वाचलेल्या या वाचकाला तो कळला तेव्हा तो तिशीत होता. आपण इतकी वर्षे आपल्याच माणसाला परका समजून वाचत होतो, याचा आनंद त्याला झाला आणि चीडही आली.

चौथे पुस्तक जयंत नारळीकरांचे (१९३८–२०२५) ‘वामन परत न आला’. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला १९७४ साली ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठवणाऱ्या या लेखकाबद्दल त्याला आदर आहे. तरीही त्यांची पात्रे कल्पनेची वाहने होतात, ही नेहमीची तक्रार तोही करतो. या कादंबरीतील बुद्धिमान यंत्रमानव स्वतःसारखे आणखी घडवू पाहतो, आणि भीती त्या वाढीची आहे. शेजारच्या मोहन्यातील रेयॉनचा कारखाना २००९ साली बंद पडल्यावर वाचकाने कादंबरी पुन्हा वाचली. येथे यंत्रे वाढली नाहीत, थांबली. आणि माणसे अनावश्यक ठरली ती त्या थांबण्याने. त्यामुळे कादंबरी खोटी ठरत नाही, असे तो मानतो. तिची भीती कोणत्या गावची आहे, एवढेच स्पष्ट होते.

परत न घेतलेल्या पुस्तकांत असिमोव्हचे ‘फाउंडेशन’ (१९५१) आहे. प्रचंड जनसमूहाचे भवितव्य गणिताने सांगता येते, व्यक्तीचे नाही, हे तिचे गृहीतक त्याला खटकले. फाळणीनंतरच्या निर्वासितांसाठी १९४९ साली वसवलेल्या शेजारच्या उल्हासनगरातील वस्त्या अजूनही कॅम्पच्या क्रमांकांनी ओळखल्या जातात; समूहाच्या हिशेबात माणसाचे काय होते, हे त्याला पुस्तकातून शिकायचे नव्हते. हा निकाल एकांगी आहे. पुढच्याच खंडात एकटा ‘म्यूल’ ते सारे गणित उधळून लावतो. हे दाखवून दिल्यावर त्याने चूक मान्य केली, पुस्तक मात्र घेतले नाही.

त्याच्या मतांत अशा चुका आहेत आणि त्या दुरुस्त करणे हे अभ्यासकाचे काम आहे. परंतु मॉरलॉकांशी कोणी बोलले नाही, हे त्याच्या लक्षात आले ते तो जेथे उभा होता त्या जागेमुळे, आणि अशी जागा अभ्यासकाला सहसा लाभत नाही. वाचनाच्या सिद्धान्तात या जागेला स्थान द्यायचे, की तिला वैयक्तिक मत म्हणून बाजूला सारायचे, हे ठरवावे लागेल. ती चार पुस्तके आता कपाटाच्या सर्वांत वरच्या खणात आहेत.