जोहरपर्यंत

माझे अब्बा लोहगावच्या हवाई तळावर सत्तावीस वर्षं जात होते. विमानात मात्र ते एकदाच बसले, 2006 साली, आणि तेही माझ्या हट्टामुळे.

आमचं घर मुळशी तालुक्यातलं, पौडचं. अब्बा टेलर. पुण्यात कॅम्पातल्या एका दुकानात ते कामाला होते. आठवडाभर दुकानाच्या पोटमाळ्यावर राहायचे आणि गुरुवारी संध्याकाळी एसटीने घरी यायचे. जुम्मा घरी. कॅम्पातली त्या वेळची टेलरिंगची दुकानं फौजेवर जगत. अधिकाऱ्यांचे युनिफॉर्म, मेसच्या समारंभाचे कोट, बॅजेस लावणं, कंबर सैल करून देणं. आठवड्यातून दोनदा अब्बा सायकलवर मापाची टेप, खडू आणि कात्री घेऊन लोहगावला जात. पायलटच्या छातीवर पंखांचा बिल्ला असतो, तो हाताने शिवावा लागे, मशीनवर नाही. ते काम दुकानात अब्बांकडेच होतं. घरी ते विमानांबद्दल कधीच बोलत नसत. अमुक साहेबाचा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे, असं काहीतरी सांगत.

लोहगावचा तळ इंग्रजांनी 1939 साली उभा केला. महायुद्ध सुरू झालं होतं आणि मुंबईचं हवाई रक्षण करायचं होतं. 1947 साली तो भारतीय हवाई दलाकडे आला. पुढे प्रवासी विमानं येऊ लागली, पण ती पाहुण्यासारखी. धावपट्टी हवाई दलाची, विमानांचं नियंत्रण हवाई दलाचं, आणि कडेला प्रवाशांसाठी एक इमारत. आजही व्यवस्था तीच आहे. अडीच किलोमीटरची एकच धावपट्टी. तिच्यावरून लढाऊ विमानंही उडतात आणि लग्नाला निघालेली वऱ्हाडंही. सुखोई भारतात आली ती 1997 साली याच तळावर. तोवर अब्बांनी दुकान सोडून पौडला स्वतःची मशीन टाकली होती. ते म्हणाले, "आता साहेब लोकांची मापं बदलली असतील."

त्यांच्या बोलण्यात लोहगाव म्हणजे विमानं नव्हतीच, फाटक होतं. पास दाखवायचा, वहीत सही करायची, आत जायचं. 1971 च्या लढाईत टेलर, धोबी सगळ्यांना बाहेर थांबवलं होतं, कपडे फाटकावर आणून देत. लढाई संपल्यावर पहिल्या दिवशी गेले तेव्हा संत्री म्हणाला, "आओ मास्टरजी, बहुत दिन हो गये." हे वाक्य आम्ही भावंडांनी किती वेळा ऐकलं असेल! अब्बा दाढी राखत, डोक्यावर कायम पांढरी टोपी. त्या फाटकावर ते मास्टरजी होते.

2006 साली दिवाळी आणि रमजान ईद चार दिवसांच्या अंतराने आल्या. लग्नानंतर मी बंगळूरला राहते. त्या सुट्टीत पौडला आले होते, आणि परत जाताना अब्बांना बरोबर न्यायचं ठरवलं. माझी धाकटी तेव्हा चार महिन्यांची होती. तिच्यासाठी झबली शिवायची त्यांची इच्छा होती.

तोवर स्वस्त विमानांचा जमाना सुरू झाला होता. सैन्यातून बाहेर पडलेल्या कॅप्टन गोपीनाथांनी 2003 साली डेक्कन काढली, तिच्या एक रुपयाच्या तिकिटाची चर्चा गावोगाव झाली. 2005 मध्ये स्पाइसजेट आणि गोएअर आल्या, 2006 च्या ऑगस्टमध्ये इंडिगो. यांचा हिशेब आमच्या वडाप जीपवाल्यांसारखाच. गाडी उभी ठेवायची नाही, लगेच भरायची आणि सोडायची. चहा-पाणी हवं तर विकत घ्या. अम्मीला तिकिटाची रक्कम सांगितली तर तिचा विश्वास बसेना. तिला काळजी वेगळीच होती. जुलैमध्ये मुंबईच्या लोकलमध्ये स्फोट झाले होते. ती अब्बांना हळूच म्हणाली, "टोपी पिशवीत ठेवा. तिथं उगीच..." पुढचं तिने बोलून दाखवलं नाही. अब्बा म्हणाले, "लोहगावला? अगं, तिथं मला कोण ओळखत नाही?"

त्यांना खरंच तसं वाटत होतं. भाईजानने आम्हाला सोडलं. अब्बांनी हवाई दलाच्या फाटकाकडे वळायला सांगितलं, आणि गाडी प्रवाशांच्या दाराकडे गेली तेव्हा ते गप्प झाले. सत्तावीस वर्षांत त्या दाराने ते कधी गेले नव्हते.

तपासणीच्या यंत्रात त्यांच्या हातपिशवीतली कात्री दिसली. त्यांची मोठी, वजनदार कात्री, मुठीला सुतळी गुंडाळलेली. जवान तरुण होता, बोलायला चांगला होता. म्हणाला, "बाबा, ही आत नेता येणार नाही. या पेटीत टाका." अब्बांनी त्याला समजावायला सुरुवात केली. हीच कात्री घेऊन मी इथं आत जात होतो, तुझ्या जन्माच्या आधीपासून. जवान नुसता हसला. मागे रांग वाढली. कुणीतरी इंग्रजीत काहीतरी पुटपुटलं. मला शरम वाटली, आणि ती कुणाची वाटली हे आजही सांगता येत नाही. रांगेतल्या लोकांची, की माझ्याच बापाची. मी म्हणाले, "अब्बा, टाका ना. बंगळूरला नवी घेऊ."

त्यांनी कात्री पेटीत टाकली नाही. परवानगी मागून मागे फिरले, दाराबाहेर गेले. भाईजान अजून थांबला होता, लोखंडी कठड्यावरून कात्री त्याच्या हातात दिली आणि परत आले. आमच्या नावाचा पुकारा चालू होता. धापा टाकत विमानात बसलो. ही लष्करी धावपट्टी आहे, फोटो काढू नका, अशी सूचना झाली. माझ्या हातात कॅमेरा होता, तो अब्बांनी काढून घेतला आणि स्वतःच्या खिशात ठेवला. विमान धावू लागलं तसे ते खिडकीला कपाळ टेकवून काहीतरी शोधत होते. काय शोधत होते ते मी विचारलं नाही. वर गेल्यावर एकदाच बोलले. हवाई सुंदरीच्या कोटाकडे बघत म्हणाले, "बाही बसलेली नाही. रेडिमेड आहे."

बंगळूरला त्यांनी नव्या कात्रीने झबली शिवली. परत येताना रेल्वेने आले.

त्यानंतर आमच्या डोळ्यांसमोर सगळं पालटलं. हिंजवडी, माण ही गावं मुळशी तालुक्यातलीच. तिथं आयटी पार्क वाढत गेलं, आणि पाठीवर सॅक अडकवलेली पोरं शुक्रवारी रात्री विमानाने घरी जाऊ लागली, जशी अब्बा गुरुवारी एसटीने यायचे. भाईजान एका कंपनीची बस चालवू लागला. पहाटे तीन वाजता लोहगावच्या फेऱ्या. अब्बा त्याला विचारायचे, "फाटकावर कोण होतं?" तो म्हणायचा, "अब्बा, आम्ही त्या फाटकावर जातच नाही." 2024 च्या जुलैमध्ये नवं टर्मिनल सुरू झालं. वर्षाला एक कोटीच्या आसपास माणसं आता तिथून जातात-येतात. धावपट्टी मात्र तेवढीच, म्हणून पुरंदरला नवा विमानतळ करायचं 2016 सालापासून चाललं आहे आणि तिथल्या सात गावांचे शेतकरी जमीन देत नाही म्हणत होते. मुळशीच्या माणसाला यात नवल वाटत नाही. टाटांच्या धरणात आमच्या तालुक्याच्या जमिनी गेल्या, 1921 साली सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तरी धरण झालं. कुणाच्या तरी शेतावरूनच विमान उडतं. हेही खरं, की स्वस्त विमान नसतं तर पुढे जे सांगते आहे ते माझ्या नशिबी आलं नसतं.

2021 चा फेब्रुवारी. रात्री अकरा वाजता भाईजानचा फोन आला. इशाच्या नमाजनंतर अब्बांना छातीत दुखलं. पौडहून पुण्याला नेईपर्यंत संपलं होतं.

मय्यत फार वेळ ठेवत नाहीत. सकाळी दफन, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. मी म्हणाले, मी येते. एरवी पुण्याला रात्री उशिरापर्यंत विमानं उतरत. पण 2020 च्या ऑक्टोबरपासून धावपट्टीच्या दुरुस्तीसाठी रात्री आठ ते सकाळी आठ लोहगाव बंद होतं. मोटारीने निघावं तर साडेआठशे किलोमीटर. पहाटे मुंबईला उतरून घाट चढावा तरी वेळ तेवढाच. माझे पती मोबाईलवर हिशेब करत बसले होते. सकाळचं पहिलं विमान आठनंतर पुण्यात उतरणार होतं. करोनामुळे सरकारने भाड्याला मर्यादा घातली होती, म्हणून रात्री बारा वाजता काढलेलं तिकीटही आवाक्यात मिळालं.

भाईजानने जमातीच्या बुजुर्गांना विचारलं असणार. थोड्या वेळाने त्याचा फोन आला. "तू आ. जोहर तक रुकते हम. उसके आगे नहीं."

मला मधली सीट मिळाली. त्या दिवसांत मधल्या सीटवाल्याला अंगावर घालायला एक पातळ गाऊन देत. मी तो घातला. शिवण नव्हतीच, कडा यंत्राने नुसत्या दाबून चिकटवलेल्या. बाही बसत नव्हती. मला अब्बांचं ते वाक्य आठवलं आणि मास्कच्या आत रडू आलं. शेजारच्या मुलाला वाटलं मी आजारी आहे. तो खिडकीकडे सरकला.

पुण्यात उतरले तेव्हा नऊ वाजायला आले होते. दीड तासात बंगळूरहून पुणे, आणि पुढचे चाळीसेक किलोमीटर संपेनात. येरवडा, डेक्कन, कोथरूड. चांदणी चौकात पुलाच्या कामामुळे गाड्या तुंबलेल्या. भूगाव, पिरंगुट. टॅक्सीवाला मुलगा मागे वळून बघत होता, त्याने भाव-ताव काही केला नाही. घरी पोहोचले तेव्हा सव्वाअकरा झाले होते. मशिदीतून डोला आणलेला, अंगणात माणसं उभी. जोहरला अजून अवकाश होता. मला उगीचच वाटत राहिलं की माझ्यामुळे अब्बा ताटकळले.

आम्हा बायकांना कबरस्तानात जायचं नसतं. जे बघायचं ते घरातच. अम्मी भिंतीशी बसली होती. मला बघून तिने फक्त हात पुढे केला.

गावात कुणाचीही मय्यत झाली की कफन अब्बाच फाडून द्यायचे. पैसे घेत नसत. कफनाला टाका लागत नाही, म्हणायचे, हात सरळ असला की झालं. या वेळी ते काम भाईजानने केलं होतं. कोपऱ्यात उरलेल्या कपड्याच्या पट्टीवर ती कात्री ठेवलेली होती, मुठीला तीच सुतळी, काळी पडलेली.

भाईजानने चेहऱ्यावरचा कपडा बाजूला केला. मी बराच वेळ बघत होते. मग त्याने तो परत ओढला तेव्हा माझी नजर कपड्याच्या कडेवर गेली. कड अगदी सरळ होती. त्याला कपडा कापता येतो हे मला माहीत नव्हतं.