दोघंबी गडी

सही खरी की खोटी, हे मी काउंटरवरून ओळखतो. सापातला नर ओळखताना मात्र माझं बी. कॉम. कामाला आलं नाही.

रंकाळ्याकाठी दोन धामणी पीळ घालून उभ्या. ‘जोडी’ दिसताच सौ.ने नवा टॉवेल हाती दिला. अंगावर टाकला की लक्ष्मी येते म्हणे! चार पावलं गेलो, तोच एक सर्पमित्र ओरडला, "सायेब, मागं फिरा! दोघंबी गडी हाईत. कुस्ती चाललीया!"

कोल्हापुरात दुसरं काय चालणार?

"ओळखलं कसं?"

"अशी झुंज नरांचीच. एरवी शेपूट बघायचं. नराचं बुडाशी जाड, मादीचं झटकन निमुळतं. सळई घालून बघणं जाणत्याचं काम, चुकलं तर सापाला इजा. आन् पाळायचं नावच नको, 1972 चा कायदा हाय."

तेवढ्यात दोघे गवतात सरकले. कुस्ती बरोबरीत सुटली. टॉवेलनं मी घाम पुसला.