महाबळेश्वर : डोंगर कुणाचा, मशागत कुणाची



ऊस तुटून गेला, खोडव्याला पाणी सुटलं, गव्हाची पाळी झाली. मधे चार दिवस मोकळे मिळाले म्हणून घरच्यांना घेऊन महाबळेश्वरला जाऊन आलो. आपल्याच जिल्ह्यातलं गाव, पण आजवर शाळेच्या सहलीपलीकडं बघणं झालं नव्हतं. या खेपेला पॉइंट कमी केले आणि माती, पाणी, माणसं जास्त बघितली. त्याच्या या नोंदी.

पहिली नोंद पाण्याची. पेठेपासून पाच-सहा किलोमीटरवर जुनं क्षेत्र महाबळेश्वर आहे. तिथं पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचं पाणी गोमुखातून पडतं. धार म्हणाल तर आपल्या दोन इंची पाइपाएवढी सुद्धा नाही. वेण्णा साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेत मिळते, कोयना कराडच्या प्रीतिसंगमावर मिळते. आमचं रान कराडच्या खालच्या अंगाला, म्हणजे यातल्या तीन नद्यांचं पाणी आमच्या उसाला लागतं. सावित्री मात्र पश्चिमेला कोकणात उतरते आणि अरबी समुद्राला मिळते. एकाच डोंगरावरचं पाणी, एक वाट बंगालच्या उपसागराकडं आणि दुसरी अरबी समुद्राकडं. घरच्या म्हणाल्या, "हितं ओंजळभर दिसतंय, आणि आपल्याकडं पुरात मोटरा वाहून जात्यात."

दुसरी मातीची. उंची साधारण साडेचार हजार फूट, खाली सगळा जांभा. पाऊस वर्षाला ६००० मिलिमीटरच्या आसपास. आमच्याकडं ७०० पडला तरी आम्ही बरं वरीस म्हणतो. पण जांभ्यात पाणी थांबत नाही, मुरून खाली निघून जातं. एक स्ट्रॉबेरीवाले शेतकरी भेटले, ते हसून म्हणाले, "पाव्हणं, पाऊस आमचा आणि पाणी तुमचं. एप्रिलात आम्हीच टाकीकडं बघत बसतो."

तिसरी नोंद गहू करणाऱ्यांनी नीट वाचा. इथं गहू गेरवा संशोधन केंद्र आहे, १९४० पासूनचं. गेरवा म्हणजे आपला तांबेरा. त्याला थंडी आणि दमट हवा लागते, ती इथं आयती मिळते. म्हणून गव्हाच्या नव्या जाती इथं आणून त्यांच्यावर तांबेरा मुद्दाम पाडतात, आणि जी जात टिकते तीच पुढं नेतात. सगळी दुनिया हवा खायला येते त्या गावात आपल्या गव्हाची परीक्षा चालते, हे मला तरी माहीत नव्हतं.

आता इतिहास. १८२४ मध्ये लॉडविक नावाचा इंग्रज अधिकारी हा डोंगर चढला. त्याच्या नावाचा पॉइंट आहे. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याला हवा आवडली. १८२९ मध्ये साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्याशी करार झाला. डोंगर इंग्रजांकडं गेला आणि बदल्यात महाराजांना वाई भागातलं खंडाळा गाव मिळालं. पेठेला नाव पडलं माल्कम पेठ. पुढं दहाच वर्षांत, १८३९ ला, त्याच इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून काशीला धाडलं. १८४७ ला ते तिकडंच वारले. १८४८ ला साताऱ्याचं राज्यच खालसा झालं. ज्याच्याशी अदलाबदल केली त्यानंच नंतर घर काढून घेतलं, असा हा व्यवहार.

मग हे थंड हवेचं ठिकाण उभं कुणी केलं? मलाक्का, सिंगापूर या बाजूचे चिनी कैदी इंग्रजांनी इथं आणून ठेवले होते. त्यांच्यासाठी तुरुंग होता, तो १८६४ मध्ये बंद झाला. या कैद्यांनी रस्त्यांची कामं केली, बागा केल्या, साहेबांच्या टेबलासाठी बटाटा आणि विलायती भाजीपाला पिकवला. त्यांची आठवण म्हणून चायनामन फॉल एवढंच नाव उरलंय. साहेबांची नावं पॉइंटांना एकेकाची लागली, या माणसांचं मात्र एकही नाव पाटीवर दिसलं नाही. परमुलखातनं बेडी घालून आणलेला माणूस जांभ्यात बटाटा काढतो, म्हणजे त्याला मातीची जाण होती. ज्यानं बटाट्याचा वाफा भरलाय त्याला हे कळेल.

आजची मशागत स्ट्रॉबेरीची. हिचं बीही इंग्रजांच्या काळातच इथं आलं. मातृरोपं परदेशातून मागवतात, वाईकडच्या खालच्या रानात त्यांचे रनर वाढवतात आणि पावसाचा जोर ओसरला की वर आणून गादीवाफ्यावर लावतात. खाली ठिबक, वर मल्चिंग पेपर. फळ थंडीत सुरू होतं. २०१० मध्ये इथल्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळालं. पहाटे तोडणी, लगेच डब्या भरायच्या, कारण फळ दोन दिवस दम धरत नाही. मजुरी, रोपं, कागद, डब्या असा खर्च ऐकून आमचा ऊस आळशाचं पीक वाटायला लागला.

त्याच शेतकऱ्यांच्या शेजाऱ्यानं रस्त्याकडची जमीन पूर्वीच देऊन टाकली होती. चांगला पैसा आला, घर झालं, गाडी झाली. आता त्यांचा मुलगा त्याच जागेवरच्या हॉटेलात पाव्हण्यांच्या गाड्या लावून देतो. हे सांगताना त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "पोरगं कामाला आहे, वाईट काय?" म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "फक्त मालक बदलला."

हे ऐकून मी बराच वेळ गप्प होतो. आमच्याही रस्त्याकडंच्या वीस गुंठ्यांना ढाब्यासाठी मागणी आली आहे. धाकटा म्हणतो देऊन टाकू, पोरांच्या शिक्षणाला होतील. त्याचंही खोटं नाही; वीस गुंठ्यांचा ऊस घरात किती टाकतो ते आम्हा दोघांना ठाऊक आहे. मी त्याला एवढंच म्हटलं, दर काय मिळतोय हे नंतर बघू. आधी तीन गोष्टी कागदावर मांडू : बदल्यात काय येतंय, ते किती वर्षं पुरणार, आणि त्यानंतर आपली पोरं त्या जागेवर कोण म्हणून उभी राहणार. भाड्यानं देऊन सातबारा आपल्याकडं ठेवता येतो का, हेही विचारायचं ठरलंय. पुढच्या महिन्यात बसणार आहोत.

तुम्ही महाबळेश्वरला गेलात तर शनिवार-रविवार टाळा. जुन्या क्षेत्राला सकाळी लवकर जा, आणि एखाद्या बागेत बांधावर बसून पीकवाल्याशी बोला. आणि तुमच्याकडं कुणी रस्त्याकडची जमीन दिली असेल किंवा भाड्यानं लावली असेल, तर दहा वर्षांनी हिशेब कसा बसला ते खाली लिहा. आम्हाला उपयोग होईल.