मोरीच्या माहेरी

आमच्या घरी मोरी येई ती कोळणीच्या पाटीतून आणि तुकडे होऊन. शार्क माशाला मालवणकडे मोरी म्हणतात, मुंबईकडे मुशी. नाव कोणतेही घ्या, आमचा आणि तिचा संबंध खोबऱ्याच्या वाटपापुरता. त्यातही मोरी म्हणजे बाळंतिणीचे हक्काचे खाणे. तिने दूध वाढते, अशी आमच्याकडची समजूत. माझ्या बहिणीच्या बाळंतपणात आईने तिला सव्वा महिना मोरी खाऊ घातली. त्या दुधावर पोसलेला माझा भाचा तीस वर्षांनी मला म्हणाला, "मामा, मालदीवला मोऱ्या बघायला येता का? आठवडाभर बोटीवरच राहायचं आणि रोज तीनदा बुडी मारायची."

आईने ऐकले आणि कपाळाला हात लावला. "मोरी बघूक पैसे मोजतलंस? चल माझ्यावांगडा बाजारात, फुकट दाखवतंय!"

तिचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. पण पन्नाशीच्या उंबरठ्यावर मी अंदमानात पाणबुडेपणा शिकलो होतो आणि पाठीवर हवेची टाकी बांधून साठेक बुड्या मारल्या होत्या. छोटे रंगीत मासे पुष्कळ पाहिले होते. जिच्या पिढ्यान्पिढ्या आम्ही खाल्ल्या, ती मोरी मात्र जिवंत कधी पाहिली नव्हती. शिवाय १९७५ सालच्या त्या प्रसिद्ध 'जॉज' चित्रपटाने मनात घातलेली भीती अजून गेली नव्हती. ती एकदा तपासून घ्यावी, असे वाटले. फेब्रुवारीत आम्ही मामाभाचे निघालो.

माले बंदरात आमची बोट उभी होती. तीन मजली, वीस प्रवाशांची, वर चहा प्यायला गच्ची. तिच्या मागोमाग एक लहान लाकडी होडी यायची. टाक्या, त्या भरायचे यंत्र आणि आमचे सगळे ओले सामान त्या होडीवर. तिला तिथे 'धोनी' म्हणतात. आपली डोणीच ती! तिथली दिवेही भाषा संस्कृताच्या घराण्यातली. माशाला तिथे 'मस' म्हणतात आणि सकाळी न्याहारीला 'मस हुनी' मिळते. म्हणजे कुप्याचे बारीक मांस, किसलेला नारळ, कांदा, मिरची आणि वर लिंबू. सोबत 'रोशी', म्हणजे आपली पोळी. जर्मन सहप्रवासी ते कुतूहलाने चाखत होते. मी मात्र दुसऱ्यांदा वाढून घेतले.

बोटीवरचा दिनक्रम आश्रमासारखा. साडेपाचला घंटा. चहाचा घोट घेऊन फळ्यावर काढलेला नकाशा समजून घ्यायचा, मग बुडी, न्याहारी, झोप. पुन्हा बुडी, जेवण, झोप. तोवर बोट पुढच्या बेटाला लागलेली असे.

तिसऱ्या दिवशी फेलिधू या प्रवाळद्वीपसमूहात मियारु कंडू या ठिकाणी पोचलो. मियारु म्हणजे शार्क आणि कंडू म्हणजे खाडीसारखी वाट. मालदीवची बेटे प्रवाळाच्या मोठमोठ्या कड्यांवर वसली आहेत. कड्याच्या आत उथळ पाणी, बाहेर अथांग महासागर, आणि कड्याला जागोजाग खिंडी. भरतीओहोटी आणि मोसमी प्रवाह यांच्या जोराने या खिंडींतून पाणी नदीसारखे धावते. ईशान्य मोसमात पूर्वेकडच्या खिंडींतून महासागराचे स्वच्छ पाणी आत शिरते, आणि त्या पाण्यावर तोंड धरून शार्क उभे राहतात. प्रवाहाविरुद्ध संथपणे तरंगायला त्यांना फार कष्ट पडत नाहीत.

आमचा वाटाड्या तिथलाच तरुण होता. त्याने फळ्यावर खडूने बाण काढला. "पाणी आत येतंय. हात सुटला तर घाबरू नका, वाहून गेलात तरी कड्याच्या आतच जाल. पाणी बाहेर जात असतं तर मी तुम्हाला इथे उतरवलंच नसतं."

प्रत्येकाच्या कमरेला दोरी आणि दोरीला लोखंडी आकडा. खिंडीच्या ओठावर, तीस मीटरच्या आत, मेलेल्या खडकात आकडा अडकवायचा आणि पतंगासारखे प्रवाहात तरंगत राहायचे. मी आकडा लावला आणि मान वर केली. समोरच्या निळ्या पाण्यात प्रथम काहीच दिसले नाही. मग त्या निळ्याला आकार आला. एक, तीन, अकरा! करड्या पाठीचे, पुरुषभर लांबीचे शार्क प्रवाहात स्तब्ध उभे होते. शेपटीचे टोक तेवढे मधूनच हलायचे. त्यांच्या वर कुप्यांचा एक जथा चांदीच्या सुऱ्यांसारखा सर्रकन निघून गेला आणि खालून एक ठिपक्यांचे पाकट पंख हलवीत गेले.

तेवढ्यात माझा आकडा निसटला.

पुढचे काही क्षण मला नीट आठवत नाहीत. भाच्याचा पसरलेला हात दिसला आणि दिसेनासा झाला. खडक झरझर मागे पडू लागला. छाती धडधडत होती आणि हवेच्या मापकाचा काटा माझ्या श्वासांबरोबर भराभर खाली येत होता. उजवीकडे पाहिले तर दोन शार्क माझ्याबरोबर चाललेले. मनात आले, संपले सारे. चित्रपटात असेच होते.

पण त्या दोघांनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. मी त्यांच्या खिजगणतीतच नव्हतो. गर्दीच्या रस्त्यावर शेजारून चालणाऱ्या अनोळखी माणसासारखे ते थोडा वेळ सोबत आले आणि वळून आपल्या कामाला गेले. आश्चर्य असे, की त्यांच्या त्या बेपर्वाईनेच माझा श्वास ताळ्यावर आला. शिकवलेले आठवले. हळूहळू वर आलो, पाच मीटरवर तीन मिनिटे थांबलो आणि नारिंगी फुगा वर सोडला. लाटांवर डोके काढले तेव्हा चहूकडे नुसते पाणी. पंधरा मिनिटे त्या फुग्याला मिठी मारून मी रामरक्षा म्हणत होतो. मग धोनीची टकटक ऐकू आली. कठड्यावर भाचा उभा होता. मला वर ओढल्यावर तो काहीच बोलला नाही, फक्त माझा दंड बराच वेळ धरून बसला.

त्या संध्याकाळी गच्चीवर वाटाड्या माझ्याजवळ येऊन बसला. त्याचे वडील मोऱ्या धरीत. यकृताचे तेल काढून होडीच्या लाकडाला लावीत आणि पंख परदेशी जात. मोरी बांगड्यासारखी लाखो अंडी घालीत नाही. ही करडी जात वर्षभर पोटात पिल्ले वाढवते आणि वेतात जेमतेम सहापर्यंत देते. बेसुमार धरली तर ती भरून कशी निघणार? १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे एक पाहणी झाली. 'फिश हेड' या एका जागेवरचा एकेक जिवंत शार्क वर्षाला सुमारे ३३ हजार डॉलर मिळवून देतो आणि मारून विकला तर एकदाच ३२ डॉलर, असा हिशेब त्यातून निघाला. अखेर २०१० साली मालदीवने आपल्या सगळ्या समुद्रात शार्क धरायला बंदी केली. "वडील मारायचे, मी दाखवतो," तो हसत म्हणाला. "वडील आधी रागावले होते. आता विचारतात, आज किती दिसल्या?"

पुढचे दिवसही रिकामे गेले नाहीत. अलिमथा बेटाच्या धक्क्याखाली रात्री विजेरीच्या उजेडात नर्स शार्कांचा बाजार भरला होता. माणसांनी टाकलेल्या खरकट्याने त्यांना तिथे येण्याची सवय लागली, असे कळले आणि माझा आनंद थोडा उणा झाला. दक्षिण आरीमध्ये ठिपक्यांचा व्हेल शार्क दिसला. जगातला सर्वांत मोठा मासा हा, पण खातो बारीक जीव. गुजरातेत त्याला 'व्हाली' म्हणजे लाडकी असे नाव दिले आहे, आणि आपल्या देशात २००१ पासून कायद्याने त्याला अभय आहे. आमच्यासारख्या दहाबारा बोटी त्याच्यामागे लागल्या होत्या. त्याच्या पाठीवर पंख्याच्या पात्याचे जुने व्रण होते. ते पाहून मी पोहणे थांबवले आणि त्याला जाऊ दिले. रसधू इथे पहाटेच्या अंधारात खोल निळ्यात अर्धा तास वाट पाहिली, तेव्हा हातोड्यासारख्या डोक्याचे तीन शार्क सावलीसारखे आले आणि दहा मोजायच्या आत गेले. त्या दहा अंकांसाठी मी पुन्हा एवढा प्रवास करीन.

शेवटच्या दिवशी बुडी नसते. रक्तात मुरलेला नायट्रोजन निघून जाईपर्यंत विमानात बसायचे नाही, असा नियम. गच्चीवर बसून भाच्याने मला बातमी सांगितली. भाद्रपदात त्याच्याकडे पाळणा हलणार होता.

घरी आल्यावर आईला सगळे सांगितले. वाहून गेल्याचे तेवढे गाळले. ती निवडत असलेल्या तांदळावरून नजर न काढता ऐकत होती. मग म्हणाली, "पूर्वी मोरी दोघांनी काठयेर घालून आणूची लागा. आता पाटयेत बघलंय तर हातभर. पोरगीच ती, आवस खंय?"

मी काही बोललो नाही. भाद्रपदात भाचेसुनेला मुलगी झाली. आई बाजारात गेली आणि पिशवी घेऊन परतली. मी हळूच डोकावून पाहिले. पिशवीत हळीव, गूळ आणि दोन नारळ होते.