शनिवारचा घाणा

मुलुंडच्या शाळेत मी इतिहास शिकवतो. आमच्या मुलांना ज्यू माणूस पहिल्यांदा भेटतो तो हिटलरच्या छळछावणीत. ते शिकवायलाच हवं. पण पहिली ओळख मरणाऱ्या माणसाची नसावी, असं मला मनापासून वाटतं. म्हणून मी कोकणातून सुरुवात करतो.

फळ्यावर आडनावं लिहितो: किहीमकर, पेणकर, दिवेकर, रोहेकर. मुलं गावं ओळखतात, माणसं ओळखत नाहीत. मग कोकणातल्या या ज्यूंची, बेने इस्रायलींची, गोष्ट निघते. अलिबागजवळ नवगावला पूर्वजांचं गलबत फुटलं, ही त्यांची परंपरागत कथा. घरात मराठी, धंदा तेलाच्या घाण्याचा. नवस फेडायला मलिदा: गोड पोहे, खोबरं, फळं आणि एलियाहू हन्नबी या प्रेषिताचं स्मरण. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तर त्यांनी बायबलातल्या कथांवर मराठी कीर्तनं केली. इथवर आलं की कुणीतरी म्हणतंच, ‘‘सर, म्हणजे ते आपल्यासारखेच!’’

या वाक्यावर मी तास संपू देत नाही. आपल्यासारखा असेल तर आपला, ही अट त्यात दडलेली असते. हे तेली शनिवारी घाणा बंद ठेवत. म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणे. शेजाऱ्यांची भाषा त्यांनी घेतली, पण आपला शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रामदिन, सोडला नाही. या दोन्ही गोष्टी मुलांना एकत्र दिसल्या पाहिजेत.

1948 नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले, इथे छळ झाला म्हणून नव्हे. तिथे तरी ते बहुसंख्यांत मिसळले असतील, असं मुलं धरून चालतात. पण 1960 नंतर तिथल्या ज्यू धर्मपीठानं लग्नाच्या वेळी बेने इस्रायलींच्या ज्यूपणाबद्दलच शंका घेतली. आंदोलन झालं आणि 1964 मध्ये धर्मपीठाला माघार घ्यावी लागली.

मग मुलांना विचारतो, तुम्ही कुठे थोडके आहात? उत्तर चिठ्ठीवर, नाव न घालता. कुणाला आपल्या समाजाचा प्रतिनिधी म्हणून मी उभं करत नाही. सोसायटीतलं एकुलतं मराठी घर, मधल्या सुट्टीतला वेगळा डबा, असं बरंच त्यात येतं.

2016 मध्ये महाराष्ट्रानं ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, हे सांगून शेवटी एक काम देतो: वर्गात एकच मूल शब्बाथ पाळत असेल, तर शनिवारच्या परीक्षेचं काय करायचं? मुलं हिरिरीनं भांडतात. तो वाद मी मिटवत नाही. उद्या सोसायटीच्या सभेत, कचेरीत हीच मुलं असे निर्णय घेणार आहेत, आणि त्याची सवय वर्गातच लागायला हवी.