मांजर, कोंबडी आणि शेजारधर्म

शिकलेल्या माणसाला गावात पहिले काम मिळते ते अर्ज लिहिण्याचे. नोकरी मिळेल तेव्हा मिळेल. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे सोयगावातल्या आमच्या गल्लीचे रेशनकार्डाचे, वीजबिलाचे अर्ज माझ्याकडे येतात. पण गेल्या वर्षी कापूसवेचणीच्या दिवसांत आमच्याच घराविरुद्ध अर्ज लिहिण्याची पाळी आली. तक्रार होती आजीच्या मनी मांजरीची.

शेजारच्या काकूंची कोंबडी २१ दिवस अंड्यांवर बसली. ११ अंड्यांतून ९ पिल्ले निघाली आणि आठवड्याभरात त्यांतली ५ नाहीशी झाली. पाच पिलांचे ते काय एवढे, असे वाचकांना वाटेल. पण आमच्याकडे कापसाचा पैसा पुरुषांच्या हाती पडतो. अंड्या-कोंबड्यांचा तेवढा बाईचा स्वतःचा. त्यातून पोराची वही येते, माहेरी जायचे भाडे निघते.

आजीचेही म्हणणे खोटे नव्हते. घरात कापूस भरला की सरकीच्या वासाने उंदीर येतात, आणि मनी काही घर बघून उंदीर मारत नाही. काकूंच्या कापसाच्या खोलीतही तिचीच फेरी असते. "उंदीर धरले तवा मनी चांगली, आन् पिलू धरलं की वैरीण?" आजी विचारी. काकू भिंतीपलीकडून म्हणत, "उंदीर मी पाळले नव्हते!"

बोलणे बंद झाले. विरजणाची देवघेव थांबली. नळाला पाणी आले की एकमेकींना हाक मारायची रीत होती, तीही मोडली. इथवर ठीक होते. पण एका संध्याकाळी काकूंचा मुलगा म्हणाला, "कपाशीवर फवारायचं औषध पिठात कालवून ठेवतो." आमच्या भागात ते औषध घरोघरी असते. माझ्या अंगावर काटाच आला.

दुसऱ्या दिवशी काकू आल्या. "पोरी, तू शिकलेली. तुह्या आजीच्या मांजरीवर अर्ज लिहून दे. दुसरं कोन लिहिणार?"

मी कागद घेतला आणि विचारू लागले. कोणते पिलू कधी गेले, कोणी पाहिले? तीन पिल्ले दिवस मावळताना गेली. ती मनीनेच नेली, काकूंनी डोळ्यांनी पाहिले होते. दोन मात्र भर दुपारी उकिरड्यावरून गेली. तेव्हा वर घार फिरत होती, हे त्यांच्याच नातवाने सांगून टाकले. काकू थोड्या गप्प झाल्या.

आता 'प्रति' या शब्दापुढे नाव कोणाचे घालायचे? मी दोन दिवस मागून घेतले आणि ग्रंथालयात पुस्तके चाळली. कोंडवाड्याच्या १८७१ सालच्या कायद्यात हत्ती, उंट, म्हैस, गाढव, डुक्कर, शेळी, मेंढी यांची नावे सापडली. मांजराचे नाही, कोंबडीचेही नाही. शिक्षा सापडली ती भलतीकडेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे ३२५ वे कलम सांगते, की दुसऱ्याचे नुकसान करण्यासाठी जनावराला ठार मारले किंवा विष घातले, तर ५ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. हे मी काकूंना वाचून दाखवले आणि वर म्हटले, "काकू, पिठाच्या गोळ्यावर पहिली चोच तुमच्याच कोंबडीची पडेल." कलमापेक्षा त्यांना हेच अधिक पटले.

१५ ऑगस्ट २००७ रोजी राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातले भांडण गावातच मिटवावे, हे तिचे सूत्र. आम्ही ते दोन घरांत वापरले. पिल्ले दीड-दोन महिन्यांची होईपर्यंत काकूंनी ती दिवस कलायच्या आत डालग्याखाली झाकायची आणि वर दगड ठेवायचा. आजीने मनीला संध्याकाळी घरात घेऊन उन्हे येईपर्यंत दार लावायचे. पोट भरले की मांजर शिकार करीत नाही, असे आजी म्हणे. पण भरल्या पोटीही मांजर झडप घालतेच, तो तिचा स्वभाव. म्हणून पोळ्याच्या घुंगुरमाळेतले एक घुंगरू मनीच्या गळ्यात आले. तीन पिलांचे पैसे आजीने देऊ केले. काकूंनी ते घेतले नाहीत. "कोंबड्यांना टाका," म्हणून दिलेली ज्वारी मात्र ठेवून घेतली.

अजिंठ्याची लेणी आमच्याच तालुक्यात आहेत. त्यांच्या भिंतींवर ज्या जातककथा रंगवल्या आहेत, त्याच जातकांच्या संग्रहात कुक्कुटजातक नावाची एक कथा आहे. मांजरी कोंबड्याला लग्नाची गळ घालते, पण कोंबडा तिचा डाव ओळखतो. म्हणजे हे वैर फार जुने. ते काही अर्जाने मिटणार नाही. कथेतल्या कोंबड्याचे शहाणपण चिमुकल्या पिलांना नसते. ते दोन्ही घरच्या माणसांनीच दाखवायचे असते.

उरलेल्या चार पिलांपैकी तीन मोठी झाली. चौथे कशाने गेले ते कळले नाही, आणि त्याबद्दल कोणी कोणाला विचारलेही नाही.